मास्तरांनी लावलेलं वजन

त्या व्यायामशाळेत एक नियम होता आणि तो वजनं शिकवणाऱ्या मास्तरांनीच घालून दिलेला होता. लढत पक्की होण्याआधी लढणाऱ्याने सगळ्यांच्या देखत जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. मागच्या लढतीच्या वेळी जेवढं वजन उचललं होतं, तेवढं तरी उचललं गेलंच पाहिजे. नाही उचललं तर लढत नाही. मग आयोजकाने गावभर फलक लावलेले असोत, नाहीतर घरच्यांनी नवे कपडे शिवून ठेवलेले असोत. या प्रकाराला सगळे नुसतं ‘उचल’ म्हणत.

नियमामागे कारण होतं. दुखणं लपवण्याच्या बाबतीत मुष्टियोद्ध्याचा हात कोणी धरू शकत नाही. बरगडी तडकलेली असते, खांदा निखळून कसाबसा बसवलेला असतो, आणि हा आपला ‘छे हो, ठणठणीत आहे’ म्हणत हातमोजे चढवून मोकळा. त्याच्या जिभेवर विसंबण्यात अर्थ नाही, हे मास्तरांनी फार लवकर ओळखलं होतं. पण जड बार जमिनीवरून सुटतो तेव्हा शरीराचा सांधा न् सांधा कामाला लागतो. दुखरी बरगडी श्वास धरू देत नाही. निखळलेला खांदा कानाकडे पळतो. गुडघ्यात काही बिनसलेलं असलं, तर तो दुसऱ्या गुडघ्याच्या आडोशाला जाऊ पाहतो. या उचलीने कितीएक जणांना वेळेवर घरी बसवलं होतं, आणि पुढे त्यांनीच येऊन मास्तरांना नमस्कार केला होता. व्यायामशाळेचे मालक वस्ताद स्वतः ठोसे शिकवत. सुरुवातीला त्यांनी या लोखंडाच्या खेळाकडे पाहून नाक मुरडलं होतं. नंतर तेच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले, “माणूस खोटं बोलेल, डॉक्टर चुकेल. लोखंड नाही चुकत.”

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती, मास्तरांच्यासुद्धा. उचल पायांना विचारते, पाठीला विचारते, पंज्याला विचारते. डोक्याला ती काहीच विचारत नाही. मास्तरांना हे उमगलं तेव्हा प्रश्न त्यांच्या सख्ख्या भावाच्या डोक्याचा होता.

धाकटा त्यांच्याहून पुष्कळ लहान. वडील गेले त्या वर्षी तो अजून शाळेत जात होता. आईने त्याचं मनगट मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “याला माणूस कर.” माणूस करण्याची मास्तरांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी त्याच्या हातात रिकामा बार दिला.

तेव्हा तो अगदीच काडीपैलवान होता. ठोसे चपळ, पण समोरच्याने नुसतं खांद्याने लोटलं तरी दोरांवर जाऊन आदळायचा. मास्तरांनी त्याच्या मांड्या घडवल्या, पाठ घडवली आणि सर्वांत जास्त कष्ट मानेवर घेतले. डोक्याला पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळीला वजन. रोज सकाळी तो बाकावर पालथा पडून मान वर-खाली करायचा. ठोसा बसला की डोकं मागे झटकतं आणि त्या झटक्यानेच माणूस कोसळतो, हे मास्तरांनी वाचलं होतं आणि पाहिलंही होतं. धाकट्याची मान झटकेनाशी झाली. काही वर्षांत कानाखाली थेट खांदा सुरू व्हावा तशी ती दिसू लागली, आणि व्यायामशाळेने त्याचं बारसं केलं: ओंडका. ओंडक्याला कोणी पाडू शकत नाही, ही तिथली शेखी होती. समोरचे दमायचे, हात खाली पडायचे, आणि मग ओंडका आपला डाव मांडायचा.

लढतीत जो पडतो त्याला दहा अंक मोजून होईपर्यंत विश्रांती तरी मिळते. कधी पंचाला दया येऊन लढत थांबते. जो पडतच नाही, त्याच्या वाट्याला फक्त पुढचा ठोसा येतो. हा हिशोब कोणी केला नव्हता. तो करायला हवा होता असं मास्तरांना वाटू लागलं, तेव्हा धाकटा पस्तिशीला टेकला होता.

सुरुवात बैठकांपासून झाली. एका सकाळी धाकटा खांद्यावर बार घेऊन बैठका मारत होता. दहा मारायच्या होत्या. मोठ्याने मोजलं की दम पुरतो, असं मास्तरांनीच त्याला शिकवलेलं.

“पाच... सहा... सात... सहा... सात...”

मास्तर दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी मान वळवली.

“सहा... सात... सहा...”

आरशाजवळची मंडळी हसू लागली. “ओंडक्या, आठाशी भांडण झालंय का रे?”

“बोलणं बंद आहे दोघांचं. मागच्या महिन्यापासून.”

धाकटा हसला नाही. त्याचे पाय थरथरत होते, नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता, आणि तो सातावरून पुन्हा सहावर येत होता. मास्तरांनी मागून जाऊन बार धरला आणि तो ठेवायच्या घोडीवर टेकवला.

“किती झाल्या रे दादा?”

“दहा.”

“मग ठीक.” तो समाधानाने बाकावर बसला.

“दहा?” एक धिप्पाड गडी ओरडला. अंगावरून त्याला तिथे सगळे जाड्या म्हणत. “वीसच्या खाली नाहीत मास्तर! काय दम आहे साल्यात! आम्हालाही असंच जन्माला घातलं असतं तर बरं झालं असतं.”

त्यानंतर मास्तर पाहत राहिले. वजनं जागेवर ठेवताना धाकट्याची गल्लत होत होती. एकच विनोद तो एकाच माणसाला त्याच सकाळी दोनदा सांगे आणि दोन्ही वेळा तितक्याच मनापासून हसे. बार मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त उचलत होता. त्याला बारवर जाताना पाहिलं की मास्तरांना क्षणभर बरं वाटे, आणि आपल्याला बरं वाटलं याचीच भीती वाटे.

एका दुपारी भावजय व्यायामशाळेत आली. ती धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करण्याच्या कामावर होती; जेवणाच्या सुट्टीत, अंगावरचा कामाचा डगला तसाच ठेवून ती दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत ती आत कधी आली नव्हती. मास्तर तिला सामानाच्या खोलीत घेऊन गेले. बसायला एक फाटकी गादी होती. ती बसली नाही.

“भाऊजी, काल ह्यांना मुलीला शाळेत सोडायला पाठवलं होतं. शाळा सुटायच्या वेळी मी आणायला गेले, तर हे समोरच्या कट्ट्यावर बसलेले. सकाळपासून.”

“दमला असेल.”

“मीही तेच म्हणाले. तर हेच म्हणाले, नाही गं, घर कुठल्या अंगाला ते काही केल्या सुचेना, म्हटलं तू येशीलच. आणि हसले.” तिने डगल्याच्या बाहीने ओठ पुसले. “रडले असते ना भाऊजी, तर मला कमी भीती वाटली असती.”

मास्तर भिंतीवरची उड्या मारायची जुनी दोरी काढून गुंडाळू लागले.

“नवी लढत ठरतेय म्हणे. कोणी तरणाबांड आहे, सगळ्यांना पाडत सुटलाय. ह्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही म्हणा.”

“मी बोलतो.”

“बोलू नका. थांबवा.” असं म्हणून ती गेली, तिला वेळेवर पोहोचायचं होतं.

मास्तरांनी आधी धाकट्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते, थकलेले होते. मेंदूच्या छायाचित्रांत ठळक असं काही दिसत नव्हतं. “दिसत नाही याचा अर्थ नाहीच, असा होत नाही,” ते म्हणाले. “माझं ऐकाल तर आता लढू नका.”

“डॉक्टर, मी दोनशे किलो उचलतो,” धाकटा म्हणाला.

“मी डोक्याबद्दल बोलतोय.”

“डोकं काय घरी ठेवून आलोय का? याच धडावर आहे की ते.”

डॉक्टर हसले, कारण विनोद बरा होता. मास्तरांनाही हसू आलं. बाहेर पडल्यावर धाकट्याने विचारलं, “आपण इथे कोणाला भेटायला आलो होतो रे?” आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून पाठीवर थाप मारत म्हणाला, “गंमत केली! केवढा घाबरलास!” ती गंमत होती की नव्हती, हे मास्तरांना आजतागायत कळलेलं नाही.

वस्तादांकडे ते दुसऱ्या दिवशी गेले. वस्ताद रिंगणाच्या पायरीवर बसून आपल्या सुजलेल्या बोटांना तेल चोळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं; ते ऐकत नव्हते असं म्हणणं अन्यायाचं होईल.

“मलाही दिसतं,” ते शेवटी म्हणाले. “पण आमच्यातला कोण विसरत नाही? मीसुद्धा बायकोला मेहुणीच्या नावाने हाक मारतो.”

“वस्ताद, हसण्यावारी नेऊ नका.”

“हसण्यावारी नाही नेत. मला सांग, त्याला घरी बसवू मी कशाच्या आधारावर? उद्या दुसरा कोणी म्हणेल, माझ्याही भावाला बसवा, माझ्याही नवऱ्याला बसवा. तूच म्हणाला होतास ना, ओळख नाही, वशिला नाही, उचल सगळ्यांना सारखी. नाही उचललं तर मीच आयोजकाला फोन करीन, लढत रद्द. उचललं, तर मात्र तू मध्ये पडायचं नाहीस. तुझ्याच नियमाने जाऊ.”

मागे ठोशांची पिशवी जाड्या बडवत होता. तो थांबला आणि तिला मिठी मारून मास्तरांकडे पाहत म्हणाला, “भाऊ पुढे निघाला की पोटात दुखायचंच, मास्तर. तुम्हाला कधी पदक मिळालं नाही, त्याला काय करणार बिचारा?”

“तू तुझी पिशवी बघ,” वस्ताद गरजले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि ते चार कानांनी ऐकलं होतं.

संध्याकाळपर्यंत ते धाकट्याच्या कानावर गेलं. कपडे बदलायच्या खोलीत तो मास्तरांची वाट पाहत बसला होता. पायांत बूट होते, नाड्या सुटलेल्या होत्या.

“मी वेडा झालो असं सांगत फिरतोस का तू?”

“असं नाही म्हणालो मी.”

“मग काय म्हणालास?”

मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि नाड्या बांधू लागले. “म्हणालो, पुरे झालं. तुला मुलगी आहे. इथेच शिकव पोरांना, माझ्याबरोबर.”

“कशी शिकवू? मला मोजता येत नाही.” हे तो इतक्या सहज म्हणाला की मास्तरांची बोटं नाडीवर थांबली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. “दादा, बाहेर सगळं निसटतं बघ. रस्ते निसटतात. माणसांची नावं जिभेवर येतात आणि गिळली जातात. तुझी वहिनी, म्हणजे माझी बायको रे, ती बोलत असते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसतो. पण बारला हात घातला ना, की मी असतो. पुरा असतो. रिंगणातसुद्धा असतो.”

“बार वेगळा, रिंगण वेगळं.”

“तुला वेगळं असेल. मला एकच आहे.” मग त्याने लहानपणी करायचा तसा मास्तरांचा कान धरून हलकेच ओढला. “घाबरतोस कशाला? ओंडका पडत नाही.”

त्या क्षणी मास्तरांनी ठरवलं.

व्यायामशाळेतल्या रबरी प्लेटा सगळ्या एकाच घेराच्या होत्या. वस्तादांना एकदा टापटिपीचा झटका आला आणि त्यांनी त्या सरसकट काळ्या रंगवून घेतल्या. आकडे रंगाखाली गेले. कोणती दहाची, कोणती वीसची, हे जाडीवरून ओळखावं लागे, आणि जुन्या प्लेटांत तर जाडीचाही भरवसा नव्हता. मास्तर त्या हाताला लागताच ओळखत. बार नेहमी तेच लावत, म्हणून दुसऱ्या कोणाला ओळखायची गरजच पडली नव्हती.

धाकट्याची मागची उचल दोनशेची होती. ऐन उमेदीत, भरपूर विश्रांतीनंतर, त्याने फक्त एकदा दोनशे दहा उचलले होते. मास्तरांनी दोन्ही बाजूंना आतल्या दोन प्लेटा बदलून बार दोनशे वीसचा केला. दिसायला काही फरक नव्हता. हा खोटेपणा होता, आणि तोही त्यांनी स्वतः घालून दिलेल्या एकुलत्या एका नियमाशी. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते दुसरंच. दोनशे समजून दोनशे वीसला हिसका देणाऱ्याची पाठ जाऊ शकते. मणका सरकू शकतो. आपण भावाची कंबर मोडायला निघालो आहोत, हे त्यांनी मनाशी स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं. मग असंही म्हणून पाहिलं की दुखरी पाठ घेऊन माणूस मुलीला शाळेत सोडतो आणि घरी परत येतो.

भावजयीला त्यांनी एवढंच सांगितलं, “ही उचल होणार नाही.” कसं, हे तिने विचारलं नाही. तिचा चेहरा मात्र असा सैल झाला की मास्तरांना तिच्याकडे पाहवेना.

उचल रविवारी सकाळी असे. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं उतरलं होतं आणि हवेत खडूची पूड तरंगत होती. सगळे भिंतीला टेकून उभे होते. आयोजकाचा माणूस आलेला होता. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो एकटाच, आणि कशाला टेकावं हे न कळून मधोमध उभा. भावजय दाराशी होती. आज तिला सुट्टी नव्हती, तरी ती आली होती.

“दोनशे,” मास्तर म्हणाले. आवाज नेहमीसारखा आला.

धाकट्याने तळव्यांना खडू चोळला. बारपाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा गोंधळ पुसला गेला. तो खरंच सांगत होता: इथे तो पुरा होता. पावलं नेमकी बारखाली गेली, नडग्या बारला लागल्या, पंजे मिटले. मास्तरांनी घडवलेलं ते शरीर पाहण्यासारखं होतं, आणि ते पाहताना मास्तरांचा ऊर भरून यायचा तो आजही आला. नको होता, तरी आला.

पहिल्या ओढीला बार हललाच नाही.

कोणीतरी खाकरलं. धाकट्याच्या कपाळावर एक आठी पडली, जणू बारने त्याला काही अनपेक्षित उत्तर दिलं होतं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं नाही. सोड, ते मनात म्हणत होते, सोड, बाळा, झालं, सोड.

धाकट्याने पुन्हा श्वास भरला. या वेळी बार सुटला. जमिनीपासून चार बोटं, एक वीत. नडगीवरून घासत तो गुडघ्याखाली आला आणि तिथे अडला. तिथेच अडणार होता. कंबर पायांच्या आधी वर आली होती, पाठ वाकू लागली होती, मधल्या मणक्यांचा एक कुबडासारखा उंचवटा बनियनमधून दिसू लागला होता. आणखी क्षणभर असाच राहिला असता तर पंजे उघडले असते, किंवा पाठ गेली असती. यांपैकी काहीतरी व्हावं म्हणूनच हा सारा खटाटोप होता.

“छाती वर! टाचा रोव! कंबर आत घाल, आत!”

आवाज इतका मोठा होता की आयोजकाचा माणूस दचकला. तो आपलाच आवाज आहे हे मास्तरांना शब्द संपल्यावर कळलं. वीस वर्षं ते वाकत्या पाठी पाहत आले होते आणि वीस वर्षं त्यांचं तोंड त्यांना न विचारता उघडत आलं होतं. समोर वाकणारी पाठ कोणाची आहे, ती का वाकते आहे, याचा विचार करायला त्या आवाजाला उसंत नव्हती.

आणि धाकट्याने ऐकलं. रस्ते विसरलेल्या, अंक विसरलेल्या त्या डोक्यात हा एक आवाज अजून थेट पायांपर्यंत जात होता. छाती वर आली. टाचा रुतल्या. बार गुडघ्यांवरून वर सरकला, मांड्यांवर चढला, आणि धाकटा सरळ उभा राहिला.

व्यायामशाळा दणाणली. जाड्या तर पिशवीवर गुद्दे मारत सुटला. वस्तादांनी हात वर केला: झालं, मान्य.

धाकटा उभाच होता.

बार हातांत तसाच. नजर समोरच्या भिंतीवर. “बघा, बघा, मिजास बघा ओंडक्याची!” कोणीतरी ओरडलं, आणि सगळे पुन्हा टाळ्या पिटू लागले. त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, ओठ निळसर पडत चालले होते. मास्तर त्याच्या डोळ्यांत पाहत होते. त्यात मिजास नव्हती. उचलल्यानंतर पुढे काय करायचं असतं, ते तो शोधत होता. आणि ते मिळेपर्यंत तो ते वजन धरून उभा राहणार होता.

“ठेव,” मास्तर जवळ जाऊन हळूच म्हणाले. “खाली ठेव.”

धाकट्याने बार खाली ठेवला.

लाद्या हादरल्या. तो दणका दोनशेचा नव्हता; वस्तादांनी कान टवकारले. त्यांनी पुढे येऊन पायाने प्लेटेला ठोकलं, वाकून आतल्या प्लेटांवरचा काळा रंग नखाने खरवडून खालचे आकडे पाहिले आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे खाली घातले. आता तरी यांना कळेल, आता तरी विचारतील की का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

“अरे!” वस्तादांचा आवाज चिरकला. “हे दोनशे नाहीत! दोनशे वीस आहेत हे!”

मघाच्या दुप्पट गलका उसळला. जाड्याने मास्तरांना पाठीमागून उचललंच. “मास्तर! आम्ही काय समजत होतो आणि तुम्ही काय निघालात! भावाला चमकवायचा बेत आधीच शिजला होता तर!” त्याचे डोळे ओले झाले होते; त्या दिवशीच्या टोमण्याची त्याला खरोखर लाज वाटत असावी. आयोजकाचा माणूस कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत होता, “...हो, लढतीआधीच विक्रम... फलकावर तेच घाला, दोनशे वीस...”

“मुद्दाम केलं मी ते,” मास्तर वस्तादांना म्हणाले. “त्याच्या हातून बार पडावा म्हणून.”

“असं कसं म्हणशील तू!” वस्ताद हसत म्हणाले. “सबंध व्यायामशाळेने ऐकलं तुझं ओरडणं. पाडायचं होतं तर ओरडला असतास का?”

मास्तर सांगत होते तेही खरं होतं आणि वस्ताद म्हणत होते तेही.

धाकट्याने गर्दीतून येऊन त्यांना घट्ट मिठी मारली. त्याच्या छातीतले ठोके मास्तरांना आपल्या छातीत लागत होते. “तुला माहीत होतं,” तो कानाशी म्हणाला. “मी उचलीन हे तुला माहीत होतं, म्हणून लावलंस. मला वाटलं होतं तू माझी आशा सोडलीस.” तो लहान मुलासारखा हुंदका देऊन हसला. त्याला इतकं आनंदात मास्तरांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला. पाठ धडधाकट होती.

दाराशी भावजय नव्हती. मास्तर बाहेर आले तेव्हा ती समोरच्या पदपथावर, बंद दुकानाच्या पायरीजवळ उभी होती.

“वजन खरंच जास्त होतं का, भाऊजी?”

“होतं.”

“त्यांना झेपलं नसतं?”

“नसतं झेपलं.”

तिला व्यायामशाळेतलं काही कळत नव्हतं. ओरडणं तेवढं तिला ऐकू आलं होतं. “मग तुम्ही ओरडलात कशाला?”

तिच्या आवाजात राग असता तर मास्तरांना तो पेलता आला असता. ती नुसती विचारत होती.

“त्याची पाठ वाकत होती,” ते म्हणाले.

“वाकू द्यायची होती ना.”

“हो.”

रस्त्यावरून एक रिकामी गाडी खडखडत गेली. भावजयीने डगल्याची बटणं वरपासून खालपर्यंत लावली, एक चुकलं ते पुन्हा लावलं. “मला कामावर जायला हवं,” ती म्हणाली. “ह्यांना एकटं सोडू नका. घराच्या दारापर्यंत पोहोचवा. नुसतं वळणावर सोडून चालत नाही आता.”

“पोहोचवतो.”

ती निघाली.

आतून कोणीतरी मास्तरांना हाका मारत होतं. जाड्याचीही उचल आजच होती आणि सगळे खोळंबले होते. मास्तर आत गेले. त्यांनी प्लेटा उतरवल्या, जाड्याचं वजन लावलं, दोन्ही टोकांच्या कड्या घट्ट केल्या. जाड्या बारपाशी येऊन वाकला. मास्तर नेहमीच्या जागी, त्याच्या पाठीच्या बाजूला जाऊन उभे राहिले.